डबा कोणता घ्यावा?

गाडीला टर्बो लावायचं ठरलं की पहिलं भांडण टर्बो कुठला यावर होतं. ते तसं सोपं भांडण. टर्बो ही डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी वस्तू आहे. तिचा पंखा बोटाने फिरवून बघता येतो, आल्यागेल्याला दाखवता येतो. खरा डोक्याला ताप असतो तो गालिच्याखाली लपलेल्या एका चपट्या डब्याचा. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. तो बदलायचा म्हटलं की बाजारात ढीगभर नावं आहेत, प्रत्येकाचा एक तक्ता आहे, त्यात हिरव्या खुणांचे रकाने आहेत आणि सगळ्यांच्या सगळ्या रकान्यांत खुणा आहेत! या हिवाळ्यातले माझे बरेचसे शनिवार-रविवार त्या तक्त्यांत गेले. बाहेर मिशिगनचं बर्फ होतंच, त्यामुळे फार काही चुकलं असंही नाही.

आधी गाडी. १९९१ ची माझदा मियाटा, १५९७ सीसी, कारखान्यातून निघाली तेव्हा ११६ हॉर्सपॉवर. दोन माणसं, एक छोटी बॅग, बस्स. ही गाडी रस्त्यावर चालत नाही, तिला नंबरप्लेटच नाही. ट्रेलरवर चढवायची, साउथ हेवनजवळच्या जिंजरमन ट्रॅकवर न्यायची, दिवसभर फिरवायची आणि परत ट्रेलरवर. हे मुद्दाम सांगतोय, कारण मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची तपासणी होत नसली तरी रस्त्यावरच्या गाडीच्या प्रदूषण-नियंत्रणाशी खेळ करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. भारतात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट सांगितलं की गाडी कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळी करता येणार नाही. तेव्हा पुढचं सगळं ट्रॅकवरच्या गाडीबद्दल आहे असं समजून वाचा.

आता मूळचा डबा का चालत नाही? या जुन्या मियाटात इंजिनात शिरणारी हवा मोजायला एक झडप असते. हवा आली की झडप ढकलली जाते, जितकी ढकलली तितकी हवा. साधं, सुंदर. पण टर्बो लावला की हवा इतकी येते की झडप पूर्ण उघडून टोकाला टेकते. तिच्या दृष्टीने जग तिथेच संपतं. त्यापुढे हवा वाढत राहते आणि पेट्रोल मात्र तेवढंच. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे मिश्रण लीन. बूस्टखाली लीन म्हणजे नॉकिंग, आणि नॉकिंग म्हणजे थोड्याच वेळात पिस्टनचे तुकडे. या मॉडेलला नॉकिंग ऐकणारा सेन्सरही नाही, त्यामुळे डब्याला काही कळायच्या आत खेळ खलास.

पूर्वी लोक यावर जुगाड करायचे. एक जुगाड म्हणजे बूस्ट वाढेल तसं पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर. दुसरा म्हणजे पिगीबॅक. पिगीबॅक हा मोठा मजेशीर प्रकार आहे. हा डबा मूळ ईसीयू आणि सेन्सर यांच्यामध्ये बसतो आणि थापा मारतो. सेन्सर म्हणतो इतकी हवा आली, हा पुढे सांगतो त्याहून जास्त आली. ईसीयू बिचारा विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो. क्लायंट आणि डेव्हलपर यांच्यामध्ये बसलेला एखादा मॅनेजर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लगेच समजेल. थोड्या बदलाला हे चालतं. नव्या गाड्यांत तर बऱ्याचदा मूळ ईसीयूमधले आकडे बदलणं हाच शहाणपणाचा रस्ता असतो, कारण त्यांचा ईसीयू एसी, एबीएस, मीटर अशा सगळ्यांशी बोलत असतो. तो काढला तर अर्धी गाडी मुकी होते. माझी गाडी मात्र कुणाशीच बोलत नाही. त्यामुळे तिला पूर्ण नवा, स्वतंत्र डबा.

असा डबा आत काय करतो हे बघायला गेलो तर गंमत वाटली. झडप काढून टाकायची. मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजायचं, आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजायचं, इंजिन किती फिरतंय ते मोजायचं. अकरावीतलं पीव्ही इज इक्वल टू एनआरटी लावलं की सिलिंडरमध्ये किती हवा आहे ते निघतं. बॉशची डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये आली तीही प्रेशर मोजूनच पेट्रोल ठरवायची, फक्त तिथे प्रोसेसर नव्हता. आता सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही, म्हणून एक टेबल असतं. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला प्रेशर, सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ खाने, आणि प्रत्येक खान्यात सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा आकडा. दोन खान्यांच्या मधे असाल तर सरासरी काढायची. ठिणगी कधी टाकायची त्याचंही असंच टेबल. संपलं! कुठल्याही इंटरव्ह्यूमध्ये यापेक्षा अवघड प्रश्न विचारतात.

अवघड आहे ती वेळ. ७००० आरपीएमला क्रॅंकची एक फेरी ८.५७ मिलिसेकंदांत होते, म्हणजे एका अंशाला साधारण २४ मायक्रोसेकंद. ठिणगी दोन-तीन अंश इकडेतिकडे झाली तरी बूस्टखाली फरक पडतो. आपल्या सर्व्हरवर गार्बेज कलेक्टर ५० मिलिसेकंद थांबला तर कुणी वर मान करून बघतही नाही. इथे तेवढ्या वेळात अकरा-बारा ठिणग्या निघून जातात. आणि या गाडीत क्रॅंक कुठे आहे ते सांगणारा सेन्सर कॅमच्या टोकाला आहे. तो पट्ट्यावर चालतो, पट्टा थोडा हलतो, आणि सेन्सरचा मुख्य सिग्नल क्रॅंकच्या १८० अंशांतून एकदाच येतो. मधल्या काळात डब्याने अंदाजाने चालायचं. लोक म्हणूनच क्रॅंकवर दातांचं चाक लावतात. मीही लावलं.

हे सगळं वाचल्यावर सॉफ्टवेअरवाल्या माणसाचा जीव कुठे जडणार ते उघड आहे. ओपन सोर्स! स्पीडुइनो नावाचा प्रकार आहे, मूळचा अर्डुइनो मेगावर चालणारा. आठ बिट, १६ मेगाहर्ट्‌झ, ८ केबी रॅम. हिशोब केला तर वर सांगितलेल्या एका अंशाच्या वेळात त्याच्याकडे जेमतेम ३८० क्लॉक सायकल्स असतात, आणि तेवढ्यात तो गाडी चालवतो. टोपी काढून सलाम. (आता तो याहून दमदार बोर्डांवरही चालतो.) दुसरा रुसईएफआय, एसटीएम-३२ वर, खाली रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, वर नीटनेटका सी प्लस प्लस. त्याचा सोर्स मी चहाचा कप घेऊन कादंबरीसारखा वाचला. मधला प्रकार म्हणजे मेगास्क्वर्ट. बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमाराला सुरू केलेलं, तेव्हा लोक सुटे भाग मागवून घरी सोल्डर करायचे. याच्या नंतरच्या आवृत्त्यांचा कोड वाचायला मिळतो, पण वापरायचा तो त्यांच्याच हार्डवेअरवर अशी अट. आणि चौथी रांग बंद डब्यांची: ऑस्ट्रेलियाचे हॉलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक, पोलंडचा ईसीयूमास्टर, आणखी बरेच. यांचे आतले कोड कुणाला दिसत नाहीत. पैसेही बरेच जास्त. ओपन सोर्सवाला बोर्ड काहीशे डॉलरात, हे हजाराच्या वर, मोटेक तर विचारूच नका.

माझं मन रुसईएफआयवर जवळजवळ बसलं होतं. त्याच सुमाराला नाशिकचा एक मित्र जेवायला आला. हा इथल्याच एका गाडी कंपनीत कॅलिब्रेशन करतो, म्हणजे मी हौस म्हणून ज्यात हात घालत होतो त्याचा तो पगार घेतो. मी उत्साहाने लॅपटॉप उघडून त्याला कोड दाखवायला लागलो. त्याने आमटीभाताचा घास संपवला आणि म्हणाला, "अरे, कोड छानच असेल. पण तुला डबा कुठे हवाय? तुला त्यातले आकडे हवेत. आकडे कोण भरणार?"

म्हटलं, मीच भरीन. वाचलंय की सगळं.

"आमच्याकडे एका इंजिनाला दोन-तीन वर्षं लागतात. डेथ व्हॅलीच्या उन्हात जायचं, अपर पेनिन्सुलाच्या थंडीत जायचं. हजारो आकडे. तुला तेवढे नकोत, मान्य. पण तुझं इंजिन एकच आहे ना? आमच्याकडे फुटायला दहा असतात."

ते वाक्य मला लागलं. कारण ते माझ्याच धंद्यातलं वाक्य आहे. कोड रिव्ह्यू करता येतो, त्या २५६ खान्यांतल्या आकड्यांचा रिव्ह्यू वाचून करता येत नाही. ६३ बरोबर की ७१, हे सोर्समध्ये लिहिलेलं नाही. ते फक्त माझ्या इंजिनाला माहीत आहे, माझ्या कॅमसकट, माझ्या सायलेन्सरसकट. इंजेक्टरचंही तेच. त्याला विजेचा इशारा मिळाल्यापासून खरंच उघडायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज कमी झाला की तो वेळ वाढतो. तो आकडा चुकला तर गाडी आयडलला डुलत बसते आणि तुम्ही आठवडाभर भलत्याच टेबलात शोधत बसता.

मग मी तक्ते बाजूला ठेवले आणि उलट बाजूने विचार करायला घेतला: काय काय बिघडू शकतं, आणि बिघडल्यावर हा डबा काय करेल?

सगळ्यात वाईट शक्यता एका रबरी नळीची निघाली. बऱ्याच डब्यांत प्रेशर सेन्सर डब्याच्या आतच असतो आणि मॅनिफोल्डपासून तिथपर्यंत एक बारीक नळी टाकतात. समजा बूस्ट चालू आहे, मॅनिफोल्डमध्ये १६० किलोपास्कल आहेत, आणि नळी निसटली. सेन्सरला आता बाहेरची हवा दिसते, १००. आणि १०० हा अगदी व्यवस्थित, रोजच्या जगण्यातला आकडा आहे! डब्याला शंका यायचं कारणच नाही. तो १०० च्या हिशोबाने पेट्रोल देतो, म्हणजे हवं त्याच्या साधारण तीन-पंचमांश. शिवाय १०० च्या रांगेतली ठिणगी ही १६० च्या रांगेपेक्षा लवकर पडणारी असते. म्हणजे पेट्रोल कमी आणि ठिणगी लवकर, दोन्ही एकाच क्षणी, तेही सरळ रस्त्यावर पाय पूर्ण दाबलेला असताना. ट्रॅकवरच्या ओळखीतल्या एकाचं इंजिन असंच गेलं. क्लिप सैल होती. पंचवीस पैशांची क्लिप म्हणा ना.

याउलट सेन्सर मॅनिफोल्डवरच बोल्टने बसवला, नळीच ठेवली नाही, आणि त्याची वायर तुटली तर काय होतं? व्होल्टेज शून्यावर तरी जातो नाहीतर पाचावर तरी. चालू सेन्सर असा आकडा कधीच देत नाही. डब्याला लगेच कळतं की काहीतरी मोडलंय. आपल्या भाषेत, नल परवडला, पण खोटी व्हॅलिड व्हॅल्यू नको. हे माहीत नसलेला प्रोग्रॅमर भेटणार नाही, तरी गाडीत ते किती जणांनी केलेलं असतं? मी विचारलं तेव्हा बहुतेकांच्या गाडीत नळीच होती.

तशीच दुसरी पहारेकरी मंडळी. पाय किती दाबलाय हे मोजणारा सेन्सर या मॉडेलच्या मॅन्युअल गाडीत मुळात नाहीच, फक्त एक स्विच आहे: पाय पूर्ण सोडलाय, नाहीतर पूर्ण दाबलाय. तो बदलून खरा सेन्सर लावायचा, म्हणजे पाय पूर्ण आणि प्रेशर मात्र १०० वर अडकलेलं अशी विसंगती पकडता येते. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबॅंड ऑक्सिजन सेन्सर लावायचा, बूस्टखाली मिश्रण साडेबाराच्या पलीकडे लीन झालं की इंजिन आवळायचं. ऑइलचं प्रेशर आरपीएमच्या मानाने कमी दिसलं की बंद. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर जुन्या झडपेच्या पोटातच होता, झडपेबरोबर तोही जातो, म्हणून तो नवा. यादी वाढत गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. यातली बरीचशी कामं ओपन सोर्सवाले डबेही करतात आणि हजार डॉलरवालेही करतात. खुणांचे रकाने खोटे नव्हते. पण यातलं एकूण एक संरक्षण तुम्ही ते चालू केलं, मर्यादा नीट भरली आणि एकदा मुद्दाम मोडून बघितलं, तरच आहे. नाहीतर ती मेनूमधली एक ओळ.

मग डायनोवाल्याकडे गेलो. घरापासून तासाभरावर त्याची शेड आहे. मियाटा, मस्टॅंग, काय वाटेल ते येतं त्याच्याकडे. साठीचा माणूस, बोलणं मोजकं. त्याने मला डब्याबद्दल आधी काहीच विचारलं नाही. वायरिंग कोणी केलं? इंजेक्टरचा डेटा कुठून आणला? पेट्रोल कुठलं घालणार? प्रेशर सेन्सर कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग मी रुसईएफआयबद्दल विचारलं. तो म्हणाला, ट्यून करून देतो, अडचण नाही. पण मी तो फार वापरलेला नाही. तो शिकायला मला जेवढे तास लागतील, तेवढ्या तासांचं बिल तुझं. लिंक आणि हॉलटेक त्याच्या हातात बसलेले होते. मियाटाचे दोन्हींचे मिळून बरेच नकाशे त्याच्या लॅपटॉपवर होते, चालत्या गाड्यांचे.

मला एकदम लहानपणची स्कूटर आठवली. आमच्याकडे बजाज चेतक घ्यायची ठरली तेव्हा शेजारच्या काकांनी बाबांना स्कूटरबद्दल काही विचारलंच नव्हतं. "मेस्त्री कोण?" एवढंच विचारलं. मेस्त्री चांगला असेल तर कुठलीही घ्या. तो मेस्त्री स्क्रू-ड्रायव्हरने कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवून, मान वाकडी करून आवाज ऐकायचा. आज त्या एका स्क्रूचे २५६ खाने झालेत आणि वाकड्या मानेच्या जागी वाइडबॅंड आलाय, एवढंच.

हे लिहिलं म्हणजे ओपन सोर्स वाईट असं कुणी समजू नका. तुमच्या गावातला चांगला ट्यूनर स्पीडुइनोवाला असेल तर डोळे मिटून स्पीडुइनो घ्या. किंवा तुम्ही स्वतः ट्यूनिंग शिकायलाच निघाला असाल, आणि एखादं इंजिन गेलं तरी चालेल अशी गाडी असेल, तर त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. एक काळजी मात्र मला अजूनही खुपते. बंद डब्याची कंपनी उद्या बुडाली किंवा तिने या मॉडेलचं सॉफ्टवेअर बंद केलं तर? तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न काल्पनिक नाही. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक टेबल साध्या सीएसव्हीत काढून ठेवणार आहे. आकडे माझे, डबा कुणाचाही. नाशिककर मित्राचं म्हणणं मी असं पचवलंय.

तर घेतला तो लिंकचा, मियाटाच्या मूळ प्लगमध्येच बसणारा. वायरी कापाव्या लागत नाहीत हा मोठा फायदा, कारण इतक्या जुन्या वायरिंगला कात्री लावली की कुठे काय तुटेल सांगता येत नाही. उद्या टर्बो उतरवून जुनी झडप लावली तर मूळ डबाही परत बसतो. रुसईएफआयचा बोर्डही मागवलाच, राहवलं नाही. तो टेबलावर आहे. एक अर्डुइनो त्याला क्रॅंकचे खोटे सिग्नल देतो आणि तो इमानेइतबारे नसलेल्या इंजिनाचे इंजेक्टर उघडत बसतो, चार दिवे लुकलुकत. बायको त्याला देवघर म्हणते.

एप्रिलमधली डायनोची तारीख मिळालीय. त्याच्या आत माझ्याकडून जे तपासून होण्यासारखं आहे ते गॅरेजमध्ये करतोय, दार उघडं ठेवून, दोन स्वेटर घालून. ट्यूनरने पाठवलेल्या सुरुवातीच्या नकाशावर गाडी सुरू झाली, आयडल थोडं वर आहे पण स्थिर आहे. परवा रविवारी ती चालू असताना मॅनिफोल्डवरच्या प्रेशर सेन्सरचा प्लग हाताने उपटला. स्क्रीनवर फॉल्ट आला, लाल दिवा लागला. ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन २५०० च्या वर जाईना, नुसतं फडफडत राहिलं. प्लग परत लावला, फॉल्ट पुसला, आणि यादीतल्या पुढच्या सेन्सरचा प्लग शोधायला बॉनेटखाली वाकलो.